प्रेमा पुरव

गोवा मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्या, मुंबईतील कामगार चळवळीच्या संघटक आणि अन्नपूर्णा महिला मंडळाच्या संस्थापक. गिरणगावात घरगुती खाणावळ चालवणाऱ्या बायकांना त्यांनी १९७५ मध्ये संघटित केले. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जन्म गोव्यातला. कोवळ्या वयातच त्या पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या लढ्यात उतरल्या. त्यात पायाला गोळी लागली. पुढे मुंबईत येऊन त्यांनी कम्युनिस्ट चळवळीत गिरणी कामगारांमध्ये काम केले. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचारी संघटनेचे नेते. पुढे खाणावळवाल्या बायकांच्या कर्जासाठी बँकेचे दार ठोठावायची वेळ आली तेव्हा घरातच बँकेचा कारभार जाणणारा माणूस होता, ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्यांचे मुख्य काम समजायचे तर खाणावळीचा हिशेब समजून घ्यावा लागतो. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बायकामुलांना गावी ठेवून लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवत. गिरणीच्या पाळ्या तीन: सकाळी ७ ते दुपारी ३.३०, तिथून रात्री १२ आणि मग सकाळी ७ पर्यंत. दहा-वीस जणांचे जेवण करणाऱ्या बाईचा स्टोव्ह त्यामुळे क्वचितच थंड व्हायचा. पगार मात्र महिन्यातून एकदाच. म्हणजे बाईने महिनाभर आधी खर्च करायचा आणि पैसे नंतर घ्यायचे. मधली पोकळी वाणी भरून काढी. उधारीचा माल महाग आणि बहुधा हलका. नाहीतर सावकार होताच, दागिने किंवा भांडी गहाण ठेवून. त्यात गणपती-शिमग्याला गावी गेलेल्यांचे खाडे वजा होत, कोणी बाकी बुडवून खोली बदले, आणि महिन्याच्या मध्येच डाळ-तेल महागले तरी ठरलेला दर वाढवता येत नसे.

१९७३-७४ च्या सुमाराला गिरण्यांत ४२ दिवसांचा संप झाला. पगार थांबले, तरी खाणावळवाल्यांनी कामगारांना जेवू घातले. संप मिटल्यावर वाण्याची थकबाकी राहिली ती या बायकांच्या नावावर. युनियनच्या लेखी त्या कामगार नव्हत्या आणि सरकारच्या लेखी व्यावसायिकही नव्हत्या. प्रेमाताईंनी नेमके इथे बोट ठेवले.

बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर, १९७२ मध्ये, गरिबांसाठी वर्षाला ४ टक्के दराने कर्ज देणारी योजना आली होती. तिचा आधार घेऊन बँक ऑफ बडोदाकडून १४ बायकांना प्रत्येकी १,५०० रुपये मिळवले गेले. या रकमेवर वर्षाचे व्याज ६० रुपये. तेवढेच पैसे सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी घेतले असते तर एका महिन्याचेच १५० झाले असते. तारण द्यायला काही नव्हते, खोलीची भाडेपावती बहुधा नवऱ्याच्या नावे. म्हणून गटातल्या बाया एकमेकींना जामीन राहिल्या. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहत. बँकेच्या नोटिशीपेक्षा हे जास्त लागू पडे. खरी अडचण दुसरीच होती. सगळे कर्ज जुनी उधारी फेडण्यातच गेले, तर पुढच्या महिन्याच्या धान्यासाठी पुन्हा वाण्याचीच पायरी. महिन्याचा शिधा रोखीने, एकरकमी भरला तरच कर्जाचा उपयोग.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि खाणावळींचे गिऱ्हाईकच गावाला परतले. मंडळाने मग सामूहिक स्वयंपाकघराकडे मोहरा वळवला: पोळी-भाजी, डबे, कार्यालयांची आणि समारंभांची जेवणे. पंधरा जणांची आमटी अंदाजाने जमते, दोनशेंची जमत नाही. मीठ-मसाला मापाने घालणे, मालाची नोंद ठेवणे, दर आधी ठरवणे या सवयी नव्याने लावून घ्याव्या लागतात. वाशीच्या केंद्रात नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृहही सुरू झाले. घरी मारहाण सोसणाऱ्यांना कायद्याची मदत मिळवून देणे हा मंडळाच्या कामाचा भाग राहिला.

त्यांची कन्या मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ मध्ये पुण्याच्या वस्त्यांमध्ये अन्नपूर्णा परिवाराचे काम सुरू केले. तिथे भाजीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या आणि किरकोळ विक्री करणाऱ्या बायकांनाही गटाच्या जामिनावर छोटी कर्जे मिळू लागली.