शुर्ट्‌स, कार्ल

शुर्ट्‌स, कार्ल : (२ मार्च १८२९ – १४ मे १९०६). जर्मनीतून परागंदा होऊन अमेरिकेत गेलेला क्रांतिकारक. पुढे तेथील सेनानी, संपादक, सिनेटर व मंत्री. जन्म कोलोनजवळच्या लिब्लार गावी. वडील शाळामास्तर. बॉन विद्यापीठात शिकत असताना तो जर्मन संस्थानांतील १८४८ च्या लोकशाहीवादी क्रांतीत ओढला गेला.

जुलै १८४९ मध्ये क्रांतिकारकांच्या ताब्यातील राश्टाटचा किल्ला प्रशियन फौजेला शरण गेला, तेव्हा शुर्ट्‌स आतच होता. तो प्रशियाचा प्रजाजन, त्यामुळे सापडला तर गोळी घालणार हे उघड होते. दोन सोबत्यांसह तो सांडपाण्याच्या भुयारी गटारात उतरला. पहिल्या खेपेस पलीकडच्या तोंडाशी पहारा दिसला म्हणून तिघे मागे फिरले आणि एका माळ्यावर लपून राहिले. खाली प्रशियन शिपाई वावरत होते. दुसऱ्या खेपेस मात्र वाट मोकळी मिळाली.

त्याचे प्राध्यापक गोट्‌फ्रीड किंकेल पकडले गेले होते आणि जन्मठेपेचे कैदी म्हणून श्पांडाऊच्या तुरुंगात लोकर कातत होते. त्यांना सोडवायला शुर्ट्‌स खोट्या पासपोर्टवर परत आला. त्याने एक पहारेकरी पैसे देऊन फितवला. ६ नोव्हेंबर १८५० च्या रात्री किंकेल छपराखालच्या खिडकीतून दोराने खाली उतरले. कौले आणि विटांचे तुकडे खडखडत पडू लागले; तो आवाज दबावा म्हणून खालच्या फरसबंद रस्त्यावरून एक घोडागाडी मुद्दाम दौडवली होती. रोस्टॉकहून दोघे जहाजाने निसटले. या एका रात्रीच्या पुण्याईवर शुर्ट्‌सला अमेरिकेत जन्मभर जर्मन श्रोते मिळत राहिले.

१८५२ मध्ये तो पत्नी मार्गारेटेसह न्यूयॉर्कला उतरला. इंग्रजी त्याने वर्तमानपत्रे वाचून आणि उतारे जर्मनमध्ये उतरवून पुन्हा इंग्रजीत आणण्याचा सराव करून कमावली. विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे मार्गारेटेने १८५६ मध्ये जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या पद्धतीची बालशाळा (किंडरगार्टन) काढली. ती अमेरिकेतील पहिली मानली जाते.

गुलामगिरीचा कट्टर विरोधक म्हणून शुर्ट्‌सने जर्मन मतदारांना लिंकनकडे वळवण्यासाठी गावोगाव सभा घेतल्या. लिंकनने त्याला स्पेनमध्ये राजदूत नेमले, पण यादवी युद्ध सोडून दूर बसणे त्याला मानवेना. परत येऊन तो सेनापती झाला. चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत (१८६३) सैन्याची उजवी बगल उघडी असल्याचे त्याने वरिष्ठांना बजावले होते. ते कोणी मनावर घेतले नाही आणि पराभवाचे खापर मात्र जर्मन शिपायांवर फुटले. युद्धानंतर दक्षिणेत फिरून त्याने कृष्णवर्णीयांच्या हालांचा अहवाल दिला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने तो बाजूला सारला.

मिसूरीतून सिनेटवर (१८६९–७५) गेल्यावर त्याने स्वपक्षाच्याच (रिपब्लिकन) राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सरकारविरुद्ध आघाडी उघडली. ‘माझा देश, बरोबर असो वा चूक, बरोबर असेल तर तसाच राखायचा, चुकला असेल तर सुधारायचा’ हे त्याचे सिनेटमधील उद्गार १८७२ चे. पक्षापक्षांत फिरणारा म्हणून त्याची टिंगल झाली. खरे तर त्याने मुद्दे फारसे बदलले नाहीत, पक्ष बदलले.

राष्ट्राध्यक्ष हेझच्या मंत्रिमंडळात तो अंतर्गत खात्याचा मंत्री झाला (१८७७–८१). वशिल्याऐवजी परीक्षेने नेमणुका आणि सरकारी जंगलांतील लाकूडचोरीला आळा ही त्याची ठोस कामे. अमेरिकेतील मूलनिवासींच्या (इंडियन जमातींच्या) बाबतीत मात्र त्याची नजर आखूड पडली. पोंका जमातीला नेब्रास्कातून हलवण्याचा निर्णय आधीच्या सरकारचा होता. तो अन्याय असल्याचे त्याने मान्य केले, तरी जमातीला परत पाठवायला विरोध केला. मुलाच्या अस्थी मायभूमीत पुरण्यासाठी निघालेला पोंका प्रमुख स्टँडिंग बेअर याच्या अटकेमागे त्याचेच खाते होते. त्याच्या खटल्यात १८७९ मध्ये ओमाहाच्या न्यायाधीशाने निकाल दिला की, मूलनिवासीही कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे. राश्टाटच्या गटारातून सुटलेल्या माणसाच्या कारकिर्दीत हे प्रकरण विशेष खटकते.

जन्माने अमेरिकी नसल्याने राष्ट्राध्यक्षपद त्याला घटनेनेच बंद होते. १८९८ नंतर सत्तरीच्या उंबरठ्यावर असतानाही अमेरिकेने फिलिपाइन्स गिळंकृत करण्याविरुद्ध तो बोलत-लिहीत राहिला. न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. तेथे ईस्ट नदीकाठच्या एका उद्यानाला त्याचे नाव आहे. शहराच्या महापौराचा सरकारी बंगला त्याच उद्यानात आहे.