ध्वनिमुद्रिका कंपन्या आणि कलावंत

ध्वनिमुद्रिका कंपनी म्हणजे गायक-वादकांचे गाणे-वाजवणे स्वतःच्या खर्चाने मुद्रित करून त्याच्या प्रती विकणारी, आणि बहुतेक वेळा त्या मुद्रणाची मालकी स्वतःकडे ठेवणारी व्यापारी संस्था. बोलण्यात तिला ‘रेकॉर्ड कंपनी’, पुढे ‘कॅसेट कंपनी’ आणि आता नुसते ‘लेबल’ म्हणतात. लेबल म्हणजे मुळात तबकडीच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद. त्यावर कंपनीचे बोधचिन्ह, गाण्याचे बोल, रागाचे नाव आणि गाणाऱ्याचे नाव छापलेले असे. त्या कागदावर नाव कोणाचे येणार आणि तबकडी विकली की पैसे कोणाच्या खिशात जाणार, या दोन प्रश्नांवरून भारतात कलावंत आणि कंपनी यांची शंभर वर्षे ओढाताण चालली आहे.

भारतातला हा धंदा १९०२ साली सुरू झाला. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात उतरला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. तेव्हा तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावे, म्हणून गाणे संपता संपता गौहर इंग्रजीत म्हणे, ‘माय नेम इज गौहर जान’. कारखान्याची सोय म्हणून केलेली ही घोषणाच पुढे तिची ओळख ठरली. जिचे गाणे एरवी दरबारात आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच ऐकायला मिळे, ती भोंग्यातून गावोगाव पोचली.

एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तासभर चालणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा म्हणजे गाण्याची मोडतोडच, असे पुष्कळ बुजुर्गांना वाटे. अल्लादिया खाँनी मुद्रण केलेच नाही, म्हणून त्यांचे गाणे आज केवळ शिष्यांच्या गळ्यातून अंदाजाने ओळखावे लागते. याउलट अब्दुल करीम खाँनी तबकडीचे माप आपलेसे केले. त्यांची रेकॉर्ड दुकानात वाजताना ऐकून गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घरातून निघाला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. अब्दुल करीम खाँच्या किराणा घराण्याचा जो प्रसार झाला त्यात तबकडीचा वाटा गुरुकुलाइतकाच मोठा मानावा लागेल. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांनाही यंत्राचा भरवसा नव्हता आणि त्यांनी मोजकेच मुद्रण केले. त्यातलीच ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेली.

कंपनीचा खरा उपयोग कधी होतो, तर आत बसलेला माणूस कानाचा असतो तेव्हा. मराठीत याचे ठळक उदाहरण ग. ना. जोशी. ते शिक्षणाने वकील. ना. घ. देशपांडे यांच्या ‘रानारानांत गेली बाई शीळ’ या कवितेच्या त्यांनी गायलेल्या तबकडीने मराठी भावगीताला बाजार मिळवून दिला. पुढे ते एचएमव्हीत (‘हिज मास्टर्स व्हॉइस’, म्हणजे त्याच ग्रामोफोन कंपनीचे लेबल) मुद्रण-अधिकारी झाले आणि पुष्कळ गायक-वादकांना त्यांनी मायक्रोफोनसमोर आणले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या त्या वेळच्या तरुण वादकांना एकत्र बसवून १९६७ मध्ये निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्यांचीच निर्मिती. शर्मांचे संतूर हे वाद्य घराघरांत पोचले ते बरेचसे तिच्यामुळे. असा माणूस नसता तर कंपनी म्हणजे नुसता छापखाना.

दुसरी बाजू पैशाची. कलावंताला दोन तऱ्हांनी मोबदला मिळतो. पहिली एकरकमी, म्हणजे गाणे झाले, मानधन हातात पडले, संबंध संपला. दुसरी विक्रीवर टक्केवारी, म्हणजे रॉयल्टी. बऱ्याच करारांत कंपनी आधी आगाऊ रक्कम देते आणि ती फिटेपर्यंत रॉयल्टीतून वळती करून घेते. ऊसतोडणी कामगाराला मुकादमाकडून मिळणाऱ्या उचलीची जात हीच. गाणे चालले नाही तर उचल फिटतच नाही, आणि पुढचे गाणेही त्याच कंपनीकडे करावे लागते.

हिंदी-मराठी चित्रपटगीतांत या दोघांच्या मध्ये तिसरा बसतो, तो म्हणजे निर्माता. गायक, गीतकार, संगीतकार यांचा करार त्याच्याशी होतो आणि तो संगीताचे हक्क कंपनीला देतो. त्यामुळे तबकडीवरची रॉयल्टी बहुधा निर्मात्याकडे जाई आणि गायकाचा हिशेब मुद्रणाच्या दिवशीच बंद होई. १९४९ च्या ‘महल’मधील ‘आयेगा आनेवाला’च्या मूळ तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. ते पडद्यावरच्या पात्राचे नाव. हा आवाज कोणाचा, अशी रेडिओकडे विचारणा होऊ लागली, तेव्हा कुठे लता मंगेशकरांचे नाव पुढे आले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनीच गायकांच्या रॉयल्टीचा मुद्दा लावून धरला. एकदा पैसे घेतले की पुन्हा मागणे बरोबर नाही, असे महंमद रफींचे मत होते. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले. रफी सज्जन खरे, पण या वादात हिशेब लताबाईंचा बरोबर होता.

मागणे लताबाईंना परवडत होते, कारण त्यांना वगळून कंपनीचे चालत नव्हते. इतरांना ती सोय नव्हती. १९६९-७० च्या सुमारास पॉलिडोर ही दुसरी कंपनी आली तोपर्यंत चित्रपटसंगीतावर एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. एका कंपनीचा दरवाजा बंद झाला तर ठोठावायला दुसरा नाही, ही स्थिती मला कोणत्याही जाचक कलमापेक्षा जास्त घातक वाटते.

ती मोडली कॅसेटने. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी टी-सिरीज सुरू केली आणि स्वस्त कॅसेटी किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर दिसू लागल्या. मुद्रण स्वस्त झाल्यामुळे कोळीगीते, भीमगीते, विठ्ठलाची नि देवीची गाणी यांना छोट्या कंपन्या मिळाल्या. एचएमव्हीच्या पायऱ्या कधी न चढलेले गायक जत्रेतल्या स्टॉलवरून विकले जाऊ लागले. पण मोबदला बहुधा एकरकमीच, आणि हिट कॅसेटीच्या किती प्रती खपल्या ते गाणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. शिवाय ‘व्हर्जन’ गाण्यांची लाट आली. कायद्यातली सवलत वापरून जुनी गाणी नव्या आवाजात काढली गेली. त्यातून नवे गायक उभे राहिले आणि जुन्या तबकड्यांचा बाजार बसला. एकाच कंपनीशी बांधून घेण्याचे काय होते, ते अनुराधा पौडवाल यांच्याकडे पाहिले की समजते. १९९१ ते १९९३ सलग तीन वर्षे त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, पण याच सुमारास त्या प्रामुख्याने टी-सिरीजसाठी गाऊ लागल्याने बाकीच्या संगीतकारांकडचे काम दुसऱ्या गायिकांकडे गेले.

कायदा फार उशिरा जागा झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीतकार-संगीतकारांच्या संस्थेविरुद्ध चित्रपट-निर्मात्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, गाणाऱ्याला कायद्यात काहीच हक्क नाही याकडे स्वतंत्र टिपणीत लक्ष वेधले. कलावंताचे हक्क कायद्यात आले १९९४ मध्ये. आणि २०१२ च्या दुरुस्तीने, गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येणार नाही असे ठरले. गायकांनाही व्यापारी वापराबद्दल रॉयल्टी मिळू लागली. राज्यसभेत या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर भांडले. गायकांची स्वतंत्र हक्कसंस्था २०१३ मध्ये निघाली.

आता गाणे थेट इंटरनेटवर चढवता येते, त्यामुळे मुद्रणासाठी कंपनीकडे जाण्याची गरज राहिलेली नाही. गरज उरते ती गाणे लोकांच्या कानांवर पाडण्यासाठी. जुन्या गाण्यांचा साठा मात्र कंपन्यांकडेच आहे. एचएमव्हीची वारस असलेल्या सारेगामाने २०१७ मध्ये पाच हजार जुनी गाणी भरलेला ‘कारवाँ’ नावाचा रेडिओसारखा डबा काढला आणि आजी-आजोबांना भेट म्हणून तो जोरात खपला.

हा साठाही कायमचा नसतो. भारतात मुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो आणि चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. ‘कामिनी’ छापलेली ती तबकडी १९४९ ची, म्हणजे तिच्यावरचा कंपनीचा हक्क २००९ च्या अखेरीस संपला. संगीतकार खेमचंद प्रकाश १९५० मध्ये वारले. त्यांच्या चालीचा हक्क त्यानंतर आणखी एकच वर्ष टिकला.