खुलासा: बुरशीनाशक फक्त बुरशीलाच बाधतं?

देवगड-रत्नागिरीकडे मोहोर फुटला की बागेत हमखास ऐकू येतं: "कीटकनाशक जहाल, पण बुरशीनाशकाचं भय नाही. ते फक्त बुरशीवर चालतं." हे खरं नाही.

भुरी-करपा या बुरशीच्या रोगांवर वर्षानुवर्षं मारलं गेलेलं कार्बेन्डाझिम घ्या. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे धागे ट्युब्युलिन या प्रथिनाचे असतात. कार्बेन्डाझिम ते धागे बनूच देत नाही. बुरशीच्या ट्युब्युलिनला ते घट्ट चिकटतं, सस्तन प्राण्यांच्या कमी. पण मात्रा वाढवली की उंदरांतही तेच. नरांचे शुक्राणू घटले, वृषणं बिघडली. गाभण माद्यांची काही पिल्लं गर्भातच मेली, काही व्यंग घेऊन आली. विन्क्लोझोलिन या दुसऱ्या बुरशीनाशकाची तऱ्हा निराळी: ते पुरुष-संप्रेरकाची वाट अडवतं. १९९४च्या प्रयोगात गाभण उंदरांना ते दिलं, तर नर पिल्लांना चक्क माद्यांसारखी स्तनाग्रं राहिली.

पण म्हणून हापूस खायला घाबरू नका (तसलेही मेसेज फिरतातच). प्रयोगातल्या मात्रा फळावरच्या अंशापेक्षा कितीतरी मोठ्या होत्या. काळजी पिंपात भुकटी कालवणाऱ्याची करायची, आणि ते काम पुष्कळदा घरातली बाईच उघड्या हातांनी करते. ती गरोदर असेल तर तिला पिंपाजवळ फिरकूच देऊ नये; हातमोजे आणि मास्क मात्र सगळ्यांनाच हवेत.