छत नसलेल्या गाडीवरचा सॅटेलाइट रेडिओ

अमेरिकेत टूरिंग मोटरसायकलवर रेडिओ ऐकणं १९८० च्या दशकातच रुळलं होतं. होंडा गोल्ड विंगसारख्या गाड्यांवर एफएम आणि कॅसेट दोन्ही होतं. पण शहर मागे पडलं की स्टेशन खरखरीत विरून जायचं.

१९९७ मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, उपग्रहावरून थेट रेडिओ प्रसारणासाठी २.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले दोन परवाने लिलावात दिले. ते एक्सएम आणि सिरियस या दोन कंपन्यांना मिळाले. एक्सएमची सेवा सप्टेंबर २००१ मध्ये सुरू झाली, सिरियसची फेब्रुवारी २००२ मध्ये. दोघांच्याही डोळ्यांसमोर होती ती मोटार, आणि मोटरसायकलवाल्यांच्या बहुतेक कटकटी तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठी कटकट अँटेनाची. ती तळाशी लोहचुंबक असलेली चपटी डबी, मोटारीच्या पत्र्याच्या छतावर चिकटवायची. ते छत नुसता आधार देत नाही, अँटेनाचा ग्राउंड प्लेन (सिग्नल नीट पकडायला अँटेनाखाली लागणारा धातूचा पृष्ठभाग) म्हणूनही काम करतं. मोटरसायकलला छत नाही, आणि मागची पेटी प्लास्टिकची! म्हणून डबीखाली पोलादी पत्र्याचा तुकडा बसवायची पद्धत पडली. जागाही महत्त्वाची. एक्सएमचे ‘रॉक’ आणि ‘रोल’ हे उपग्रह भूस्थिर होते, म्हणजे अमेरिकेतून कायम दक्षिणेच्या आकाशात. अँटेना हँडलजवळ असली आणि गाडी उत्तरेला चालली असली, तर मधे चालवणाराच आडवा येतो. सिरियसचे तीन उपग्रह लांबट कक्षेत फिरत, त्यामुळे ते आकाशात बरेच वर असत.

वीजजोडणीत एक सापळा होता. बऱ्याच रिसीव्हरना ५ व्होल्टच लागत, आणि १२ चे ५ करणारं सर्किट लायटर सॉकेटच्या प्लगमध्येच असे. प्लग कापून तारा थेट बॅटरीला जोडल्या, की संच गेलाच. शहाणी जोडणी म्हणजे इग्निशनबरोबर चालू-बंद होणारी लाइन, बॅटरीजवळ फ्यूज आणि तो कन्व्हर्टर तसाच शाबूत.

रिसीव्हरचा आवाज आधी छोट्या एफएम ट्रान्समीटरवरून गाडीच्या रेडिओत सोडत. असे काही ट्रान्समीटर मर्यादेपेक्षा जोरात प्रसारण करतात, असं २००६ मध्ये एफसीसीच्या तपासणीत आढळलं. तसंही ऑक्सची (बाहेरचा आवाज थेट आत घ्यायच्या खाचेची) तार कधीही बरी. फक्त संच आणि ऑडिओ यांचं अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी झालं, तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. त्यावर ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ऑडिओच्या तारेत बसवायचं, दोन अर्थिंगमधला विजेचा दुवा तोडणारं छोटं उपकरण, हा उपाय.

२००८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. २०१२ च्या गोल्ड विंगच्या काही प्रकारांत होंडाने कारखान्यातूनच एक्सएम बसवून दिला. त्याआधीच्या गाड्यांना मात्र ही सगळी जोडाजोड चुकली नाही.