रिपनच्या मुलाची दुनळी

लॉर्ड रिपन म्हटलं की आपल्याला शाळेतला इतिहास आठवतो. १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव, इल्बर्ट बिलावरून उठलेला गदारोळ. मुंबईच्या फोर्टातला रिपन क्लबही याच व्हाइसरॉयच्या नावाचा. जुन्या शिकारी बंदुकांच्या शौकिनांमध्ये मात्र ‘रिपनची बंदूक’ म्हणजे त्याच्या मुलाची. फ्रेडरिक ऑलिव्हर रॉबिन्सन (१८५२–१९२३) हे त्याचं नाव. वडील १९०९ मध्ये वारले तेव्हा किताब त्याच्याकडे आला. त्याआधी तो लॉर्ड डी ग्रे म्हणून ओळखला जाई.

त्याच्या बंदुका लंडनच्या पर्डी कारखान्यातल्या, बाराबोर, दुनळी आणि घोड्याच्या, म्हणजे बार काढण्याआधी अंगठ्याने मागे ओढायचे खटके बाहेर असलेल्या. (बाराबोर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल अशी नळी.) पर्डीचं दुकान १८१४ पासूनचं. त्या काळी ठासणीच्या बंदुका असत. दारू ओता, बोळा ठासा, छर्रे टाका, पुन्हा बोळा. एवढं होईपर्यंत पाखरू कुठल्या कुठे गेलेलं असे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात लफोशो या फ्रेंच कारागिराची मधून मोडणारी, मागून काडतूस भरायची बंदूक दिसली आणि इंग्रज बंदूकवाल्यांनी ती कल्पना उचलली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शिकारीची रीतच पालटली. पाखरामागे रान तुडवायचं सोडून शिकारी एका जागी उभे राहू लागले आणि हाकारे पाखरं त्यांच्या डोक्यावरून उडवू लागले. ही पाखरं तरी कुठली रानटी? फेझंट या कोंबडीवर्गातल्या पाखराची पिल्लं माणसं ठेवून वाढवलेली असत. युवराज एडवर्डच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीत तर उजेडाचा जास्त वेळ मिळावा म्हणून घड्याळं अर्धा तास पुढे लावत.

या खेळात डी ग्रेचा हात धरणारा विरळाच. जोडीला दोन भरणारे, हातात आळीपाळीने तीन बंदुका. सँड्रिंगहॅमला त्याने एका मिनिटात २८ फेझंट पाडले, असं सांगतात. एकदा सात पाखरं मारली आणि पहिलं जमिनीला टेकायच्या आत सातवं टिपलेलं होतं, अशीही गोष्ट आहे. तिच्यात थोडी भर पडली असेल, पण भरणाऱ्यांना घेऊन तो घरातसुद्धा बंदुकांच्या देवघेवीचा सराव करी म्हणतात, त्यामुळे ती अगदीच थाप वाटत नाही.

खरी गंमत पुढे आहे. १८८० मध्ये फ्रेडरिक बीझलीने बिनघोड्याच्या बंदुकीची रचना पेटंट केली आणि पर्डीने ती विकत घेतली. त्या बंदुकीला बाहेर घोडे नाहीत, प्रत्येक वेळी बार काढण्याआधी अंगठ्याने काही ओढायचं नाही. बडे शिकारी भराभर तिकडे वळले. डी ग्रे नाही वळला. शेवटपर्यंत घोड्याचीच वापरली. राजा पाचवा जॉर्जही तसाच. माझ्या मते यात हट्टापेक्षा सवय जास्त होती. इतकी वर्षं ज्या बंदुकीवर हात आणि डोळा बसलाय, ती कोण बदलेल?

त्याच्या नोंदवहीतला १८६७ ते १९२३ चा आकडा ५,५६,८१३ आहे. छप्पन वर्षांत रोजचे सरासरी सत्तावीस जीव. त्यात दोन लाखांहून अधिक फेझंट, तितर लाखाच्या वर, आणि ११ वाघ, २ गेंडेसुद्धा. वडिलांनी नगरपालिका दिल्या, मुलाने हे.

२२ सप्टेंबर १९२३ रोजी यॉर्कशरमधल्या डॅलोगिलच्या माळावर सकाळपासून ५२ पाखरं पाडून झाल्यावर तो कोसळला आणि तिथेच गेला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे रिपनचा किताबही तिथेच संपला.