ओल्या हवेनेच ओल काढायची

कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा कोरडी नसते. 30 अंश सेल्सिअसला बाष्पाने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम पाणी असतं. अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात बसवली आणि पुन्हा 30 अंशांवर आणली, तर बाष्परूपात जेमतेम 30 ग्रॅमच टिकतं. बाकीच्या 210 ग्रॅमचं सरळ पाणी होतं. ते निथळून काढता येतं. त्रास देतं ते मागे उरलेलं बाष्प. पुढे पाईप गार पडला की तेही ठिबकतं आणि व्हॉल्व्ह गंजतात.

म्हणून अनेक कारखान्यांत ॲल्युमिना किंवा सिलिका जेलचे दाणे भरलेल्या दोन टाक्या असतात. एक टाकी हवेतली ओल शोषते, तोवर दुसरीतले दाणे सुकवले जातात. हीटर नसलेल्या ड्रायरमध्ये त्यासाठी सुकवलेल्या हवेपैकीच साधारण 15 ते 20 टक्के हवा दाण्यांतून फिरवून बाहेर सोडतात. वीज खर्चून दाबलेली हवा अशी सोडून देणं मला तरी उधळपट्टीच वाटते. कारण कॉम्प्रेसर खातो त्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते, आणि ती आपण दाबलेली हवा थंड करणाऱ्या कूलरमधून फेकून देतो.

तीच वापरली तर? तेलविरहित कॉम्प्रेसरची हवा 150 अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही गरम बाहेर पडते. ती थंड न करता आधी ओल्या दाण्यांतून नेतात. पण तिच्यात तर सगळं बाष्प अजून तसंच आहे, मग ती दाणे सुकवणार कशी? इथे हवेत पाणी किती आहे यापेक्षा आणखी किती मावेल, हे महत्त्वाचं. वरच्या उदाहरणातल्या हवेची सापेक्ष आर्द्रता 150 अंशांना फक्त 7 टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय तापलेल्या दाण्यांची पाण्यावरची पकडही सुटते. दाण्यांतली ओल घेऊन हवा मग कूलरमध्ये जाते, तिथे पाणी वेगळं होतं आणि हवा दुसऱ्या टाकीत सुकते. बाहेर सोडावी लागणारी हवा नगण्य.

हवा दाबताना आत तेल सोडणाऱ्या स्क्रू कॉम्प्रेसरला हे जमत नाही. त्याची हवा 80 ते 100 अंशांचीच असते आणि तेलाचा अंश दाण्यांना लेपतो. तेलविरहित यंत्रही कमी भारावर चाललं की हवा पुरेशी तापत नाही. कूलरचं पाणी कोमट असलं तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान, वर सरकतो. उणे 40 अंशांचा दवबिंदू कायम हवा असेल, तर बऱ्याचदा जोडीला हीटर बसवावाच लागतो.