राष्ट्रीय उपवास व प्रार्थना दिन (७ ऑक्टोबर १८५७)

१८५७ च्या उठावाच्या काळात राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्याने ब्रिटनमध्ये पाळला गेलेला उपवासाचा, पापकबुलीचा आणि प्रार्थनेचा सार्वजनिक दिवस. संकट म्हणजे राष्ट्राच्या पापांची ईश्वराने दिलेली शिक्षा, ही यामागची जुनी प्रोटेस्टंट श्रद्धा. क्रिमियन युद्धातही १८५४ आणि १८५५ मध्ये असे दिवस पाळले गेले होते. अमेरिकेतल्या वसाहतींनी तर हीच प्रथा इंग्लंडच्या सत्तेविरुद्ध वापरली. ब्रिटिश सरकार बोस्टन बंदर बंद करणार म्हणून व्हर्जिनिया वसाहतीच्या सभागृहाने १ जून १७७४ हा उपवासाचा दिवस ठरवला, तेव्हा तिथला ब्रिटिश गव्हर्नर डनमोर याने सभागृहच बरखास्त केले.

७ ऑक्टोबरला बुधवार होता. कामकाजाचा दिवस असूनही चर्चेस भरली. सर्वांत मोठा जमाव लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य प्रदर्शनगृहात जमला. तिथे २३ वर्षांच्या चार्ल्स स्पर्जन या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने ध्वनिक्षेपकाविना प्रवचन केले. दारावरच्या मोजणीत २३,६५४ माणसे भरली. प्रवचनाला त्याने बायबलमधल्या मीखाच्या ग्रंथातले छडीविषयीचे वचन घेतले होते. शिक्षेची छडी काय सांगते ते ऐका, असा त्याचा रोख. भारतातल्या इंग्रज पीडितांसाठी तिथे वर्गणीही गोळा झाली. दिल्ली सप्टेंबरमध्येच पुन्हा इंग्रजांच्या हाती गेली होती, पण ती बातमी अजून लंडनला पोचायची होती; म्हणजे लोक प्रार्थना करत होते ते कानपूरच्या हत्याकांडाच्या बातम्या मनात घेऊन.

या दिवसाचे खरे महत्त्व पापांच्या यादीत आहे. आपले काय चुकले, हा प्रश्न एका साम्राज्याने उघडपणे स्वतःला विचारला, ही गोष्ट लहान नाही. पण अनेक व्यासपीठांवरून उत्तर आले ते असे: ईस्ट इंडिया कंपनीने मूर्तिपूजेला आणि जातिभेदाला अभय दिले, ख्रिस्ती धर्मप्रसाराला आडकाठी केली. कुठे अफूच्या व्यापारावर आणि कंपनीच्या लोभावरही बोट ठेवले गेले. मात्र मुळात राज्य करण्याचा हक्क कुठून आला, हे विचारणारे आवाज फारच थोडे होते. आपल्याकडे झाशी, सातारा, नागपूर ही संस्थाने खालसा झाल्याची जखम ताजी होती. ती या पापकबुलीत क्वचितच उमटली.

ब्रिटनमध्ये राजाज्ञेने पाळलेला हा शेवटचा उपवास दिन. पुढे महायुद्धांत प्रार्थनेचे दिवस झाले, पण उपवासाचा हुकूम पुन्हा निघाला नाही. उठाव शमल्याबद्दल रविवारी, १ मे १८५९ रोजी आभार-प्रार्थनेचा दिवस पाळण्यात आला. त्याच्या १३ दिवस आधी, १८ एप्रिलला, शिवपुरीत तात्या टोपे यांना फाशी देण्यात आली होती.